उष्णतेच्या तीन वाटा : पत्र्याच्या छपराखाली द्यावयाचा पाठ

फाल्गुन सरू लागला की नांदेड व लातूर जिल्ह्यांत ऊन चढू लागते. वैशाखात दुपारचे तापमान चाळीस अंश सेल्सिअसच्या वर जाणे ही तेथे नवलाची गोष्ट राहत नाही. अशा दुपारी पत्र्याच्या छपराखाली खाटेवर पडलेले वृद्ध माणूस, पाळण्यातील मूल आणि दावणीला बांधलेले जनावर यांची स्थिती सारखीच असते. शेतात राबणारा मनुष्य ऊन असह्य झाले म्हणजे लिंबाखाली जाऊन बसतो. या तिघांना आपली जागा आपण होऊन बदलता येत नाही. म्हणून छप्पर कसे असावे हा केवळ सोयीचा प्रश्न नाही. तो आरोग्याचा, दुधाचा व प्रसंगी जिवाचा प्रश्न आहे.

छपराखालची धग कमी करण्यासाठी पुष्कळ जण खर्च करतात, परंतु तो खर्च नको तेथे होतो. कोणी पंखा लावतो, कोणी गोठ्याच्या बाजू उघड्या करतो. हवा खेळू लागते, तरी डोक्यावरची धग तशीच राहते. याचे कारण असे की, उष्णता एकाच वाटेने येत नाही. ती तीन वाटांनी येते आणि प्रत्येक वाट अडविण्याचा उपाय निराळा आहे. कोणत्या वाटेने उष्णता अधिक येते हे ओळखले, म्हणजे थोड्या खर्चात काम होते. गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी हा विषय शेतकऱ्यांना व शाळेतील मुलांना कसा समजावून द्यावा, ते या पाठात सांगितले आहे. लागणारे साहित्य घरोघरी मिळते. विकत घ्यावयाची ती फक्त दोन तापमापके.

माळवद गेले, पत्रा आला

मराठवाड्यातील जुने घर माळवदाचे असे. दगडमातीच्या जाड भिंती, लाकडी खांब व तुळया, त्यांवर फळ्या किंवा काटक्या आणि सर्वांत वर मातीचा जाड थर, अशी त्याची रचना होती. पावसाळ्यापूर्वी माळवदावर पांढरी माती टाकून ती चोपून घेण्याची रीत होती. भर दुपारी अशा घरात शिरले म्हणजे अंगाला गारवा वाटे.

३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी किल्लारी परिसरात भूकंप झाला. लातूर जिल्ह्यातील औसा आणि तेव्हाच्या उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव, जिल्ह्यातील उमरगा या तालुक्यांतील गावेच्या गावे कोसळली व हजारो माणसे झोपेतच दगावली. मातीने सांधलेल्या दगडी भिंती हादऱ्याने उसवल्या आणि माळवदाचे ओझे माणसांवर आले. त्यानंतर जड छपराखाली निजण्याचे भय लोकांच्या मनात बसले, आणि ते भय निराधार नव्हते. तात्पुरत्या निवाऱ्यासाठी पत्र्याच्या शेड उभ्या राहिल्या. पुढे घरासाठी, गोठ्यासाठी व कोठारासाठीही पत्रा सर्रास वापरला जाऊ लागला. पत्रा वजनाला हलका, चढविण्यास सोपा आणि पावसात न गळणारा आहे, हे त्याचे गुण खरेच आहेत.

परंतु माळवदाबरोबर त्याचा गारवाही गेला. तेव्हा प्रश्न असा उभा राहतो की, माळवदाचे ओझे न आणता माळवदाचा गारवा आणता येईल काय? तो आणता येतो. माळवद उष्णता अडवीत असे ते मुख्यतः आपल्या जाडीने व जडपणाने. पण उष्णता अडविण्याचा तो एकच मार्ग नव्हे. हे पटण्यासाठी उष्णतेच्या तीनही वाटा नीट पाहिल्या पाहिजेत.

पहिली वाट : वहन

तापलेल्या वस्तूला दुसरी वस्तू चिकटून असली, तर उष्णता एका कणाकडून शेजारच्या कणाकडे सरकत जाते. यास वहन म्हणतात. तव्यातील भाकरी भाजते ती या वाटेने.

प्रात्यक्षिक : एक लोखंडी सळई व तेवढ्याच जाडीची एक लाकडी काठी घ्यावी. दोहोंवर वीतभर अंतराने मेणाचे थेंब चिकटवावेत व दोहोंचे एकेक टोक गरम पाण्याच्या भांड्यात बुडवावे. सळईवरील भांड्याजवळचा थेंब आधी मऊ होऊन ओघळेल; काठीवरील तसाच राहील.

लोखंडातून उष्णता कोरड्या मातीच्या सुमारे शंभरपट सुलभतेने वाहते. कडबा किंवा गवत यांच्यातून ती मातीपेक्षाही बरीच कमी वाहते, कारण त्यांच्या पोकळ्यांत हवा कोंडलेली असते आणि कोंडलेली स्थिर हवा ही उष्णतेची फार वाईट वाहक आहे. अर्धा मिलिमीटर जाडीचा पत्रा उष्णतेला मुळीच अडवीत नाही. त्याची वरची बाजू तापली की खालची बाजू तत्काळ तितकीच तापते. उलट एक फूट मातीच्या थरातून दुपारचा ताप खाली उतरण्यास सुमारे आठ ते दहा तास लागतात आणि तोवर त्याचा जोरही बराच ओसरतो. म्हणूनच माळवदाचे घर दुपारी गार व रात्री उबदार असे, आणि उन्हाळ्यात घरची माणसे रात्री माळवदावर किंवा अंगणात निजत.

दुसरी वाट : अभिसरण

हवा किंवा पाणी तापले म्हणजे ते हलके होऊन वर चढते व त्याच्या जागी थंड हवा किंवा पाणी येते. या हालचालीबरोबर उष्णताही वाहून नेली जाते. यास अभिसरण म्हणतात.

प्रात्यक्षिक : दुपारी गोठ्यात पेटलेली उदबत्ती प्रथम जमिनीजवळ, मग दाराशी व शेवटी छपराजवळ धरावी. दाराशी धूर वाऱ्याबरोबर हलतो. आढ्याखाली हवा निघून जाण्यास फट नसेल, तर तेथे धूर साचून राहतो.

यावरून मुलांना एक गोष्ट दाखवून द्यावी. तापलेली हवा वर जाते. मग जी आधीच छपराला लागून तापली आहे, ती खाली येणार कशी? ती वरच कोंडून राहते. तिला वाट देण्यासाठी आढ्याशी फट ठेवली पाहिजे. बाजू उघड्या करून ही हवा पुरतेपणी निघत नाही.

पंख्याविषयीचा गैरसमजही येथेच दूर करावा. पंखा हवा थंड करीत नाही. तो ती केवळ हलवितो. माणसाची कातडी सुमारे पस्तीस अंशांवर असते. हवा तीस अंशांची असेल, तर वारा अंगातील उष्णता घेऊन जातो. हवा बेचाळीस अंशांची झाली म्हणजे तोच वारा अंगात उष्णता भरतो. अशा वेळी गारवा मिळतो तो घाम वाळल्यामुळे. घाम येणारे माणूस भरपूर पाणी पीत असेल तरच पंखा उपयोगी पडतो. म्हशीला घाम थोडाच येतो. म्हणून तिला नुसत्या वाऱ्यापेक्षा अंग भिजविणे अधिक मानवते.

तिसरी वाट : प्रारण

सूर्य व पृथ्वी यांच्यामध्ये कोट्यवधी किलोमीटरची पोकळी आहे. तेथे वहनास पदार्थ नाही व अभिसरणास हवा नाही, तरी सूर्याची उष्णता पोहोचते. ती प्रकाशाप्रमाणे सरळ रेषेत येते. यास प्रारण म्हणतात. केवळ सूर्यच नव्हे, तर प्रत्येक वस्तू सदैव प्रारण सोडीत असते. वस्तू जितकी तापलेली, तितके ते अधिक. चूल, तापलेली भिंत, माणूस, बैल ही सारी प्रारण सोडतात. ते डोळ्यांना दिसत नाही, पण कातडीला जाणवते.

प्रात्यक्षिक : पेटत्या चुलीच्या बाजूस हातभर अंतरावर तळहात धरावा. धग लागेल. आता चूल व हात यांच्यामध्ये एक सूप आडवे धरावे. धग त्याच क्षणी थांबेल. सूप काढावे, धग त्याच क्षणी पुन्हा लागेल. मधली हवा एवढ्या अवकाशात थंड किंवा गरम झालेली नाही. मग थांबले ते काय? थांबले ते प्रारण.

हे प्रात्यक्षिक पाठाचा गाभा आहे. सुपाचे वजन ते काय! तरीही ते चुलीची धग अडविते. प्रारण अडविण्यास जडपणा लागत नाही, आड लागते.

पत्रा डोक्यावर का भाजतो

निरभ्र उन्हाळी दुपारी जमिनीच्या प्रत्येक चौरस मीटरवर सुमारे एक हजार वॅट इतकी सूर्याची उष्णता पडते. दहा फूट रुंद व वीस फूट लांब छपरावर ती साडेअठरा हजार वॅटच्या आसपास भरते. गंजलेला किंवा काळवंडलेला पत्रा यांपैकी बहुतेक उष्णता शोषून घेतो, तापतो, आणि मग स्वतःच खालच्या दिशेने प्रारण सोडू लागतो. छप्पर ही जणू डोक्यावर पालथी घातलेली चूल बनते.

हे प्रारण तापमानाबरोबर फार वेगाने वाढते. ऑस्ट्रियातील शास्त्रज्ञ योझेफ श्टेफान यांनी १८७९ मध्ये यासंबंधीचा नियम मांडला. तो असा की, वस्तूचे प्रारण तिच्या निरपेक्ष तापमानाच्या चौथ्या घाताच्या प्रमाणात असते. निरपेक्ष तापमान काढण्यासाठी सेल्सिअस अंशांत २७३ मिळवावेत. या नियमाने पुढील हिशेब करता येतो.

पत्रा ६५ अंश तापला असे धरले, तर तो दर चौरस मीटरला सुमारे ७४० वॅट प्रारण सोडतो. पस्तीस अंशांची कातडी उलट सुमारे ५१० वॅट सोडते. वजाबाकी करता, छपराकडे वळलेल्या अंगावर दर चौरस मीटरला २३० वॅटचा भार पडतो. तोच पत्रा ४५ अंशांवर राखला, तर तो सुमारे ५८० वॅट सोडतो आणि भार केवळ ७० वॅटचा उरतो. म्हणजे पत्रा वीस अंशांनी उतरला, तर अंगावरील भार तिपटीहून अधिक घटतो. छप्पर बुटके व रुंद असेल तेथे हा हिशेब सर्वांत जवळून लागू पडतो. तुलनेसाठी सांगावे की, स्वस्थ बसलेल्या प्रौढ माणसाच्या शरीरात एकंदर सुमारे शंभर वॅट उष्णता निर्माण होते; तीही त्याला बाहेर टाकावयाची असतेच.

लिंबाची सावली व पत्र्याची सावली यांत फरक का वाटतो, याचेही उत्तर यात आहे. दोन्ही ठिकाणी हवेचे तापमान जवळजवळ सारखे असते. पण लिंबाची पाने पाणी बाष्परूपाने सोडतात व त्यामुळे हवेहून फार तापत नाहीत. पत्रा मात्र तापतो आणि धग टाकतो.

जनावरांच्या बाबतीत आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. लातूरकडील देवणी गाईचे पांढरे अंग उन्हाचा बराच भाग परतवून लावते. नांदेडकडील लाल कंधारीचे तांबडे अंग त्याहून कमी, व म्हशीचे काळे अंग सर्वांत कमी. परंतु हा भेद केवळ उन्हात असतो. तापलेल्या पत्र्याचे अदृश्य प्रारण पांढरे अंगही काळ्याइतकेच शोषून घेते. तेव्हा काटक देशी जनावर आहे म्हणून तापल्या पत्र्याखाली ते निभावेल, असे मानू नये.

हलके उपाय

पहिला उपाय : वरची बाजू पांढरी करणे. पांढरा पृष्ठभाग उन्हाचा मोठा भाग परत पाठवितो, आणि जी उष्णता शोषली जाते ती आकाशाकडे सोडण्यासही तो तत्पर असतो. जुन्या पत्र्यावर विझवलेल्या व गाळलेल्या चुन्यात खळ घालून दोन हात द्यावेत. जस्ताच्या नव्या पत्र्यावर चुना नीट धरत नाही व ओला असताना जस्ताला बाधतो. तेथे पांढरा रंग लावावा. काम सकाळी करावे, चुना डोळ्यांत जाऊ देऊ नये, आणि पत्र्यावर चढताना खाली वासा असेल तेथेच फळी टाकून पाय ठेवावा. पावसाने चुना धुऊन जातो. म्हणून दरवर्षी फाल्गुनात हे काम पुन्हा करावे.

दुसरा उपाय : पत्र्याखाली आड धरणे. तुराट्या या दोन्ही जिल्ह्यांत विपुल मिळतात. त्यांची ताटी विणून पत्र्याच्या खाली वीतभर अंतरावर बांधावी. चुलीपुढील सूप जे काम करते, तेच ही ताटी करते. ताटी व पत्रा यांमधील पोकळी खालच्या कडेला व आढ्याशी उघडी ठेवावी, म्हणजे तापलेली हवा वरून निघून जाते. ताटी पत्र्याला चिकटवून बांधू नये. तशी बांधल्यास वहनाला वाट मिळते व हवेला मिळत नाही. विजेच्या तारा व चूल यांपासून ताटी दूर असावी, आणि उंदीर व साप यांचा शिरकाव होत नाही ना हे पाहत असावे.

तिसरा उपाय : पाणी. एक लिटर पाण्याची वाफ होताना ते सुमारे २४०० किलोज्यूल उष्णता घेऊन जाते. कोरड्या हवेत ओले पोते फार गारवा देते, ते यामुळे. परंतु हा उपाय पाणी असेल तोवरच चालतो. एप्रिल २०१६ मध्ये लातूर शहराला मिरजेहून रेल्वेने पिण्याचे पाणी आणावे लागले होते. ज्या वर्षी ऊन सर्वांत कडक, त्याच वर्षी पाणी सर्वांत कमी, असा अनुभव मराठवाड्यास आहे. म्हणून आधी चुना व ताटी, आणि मग पाणी, असा क्रम ठेवावा. चुन्याला वर्षातून एकदाच काही बादल्या पाणी पुरते.

या तिन्ही उपायांपैकी एकानेही छपराचे ओझे धोकादायक होईल इतके वाढत नाही.

रात्रीची उलटी वाट

हिवाळ्याच्या रात्री उष्णता उलट दिशेने जाते. निरभ्र आकाश जमिनीहून फार थंड असते. जमीन, पिके व छपरे आकाशाकडे प्रारण सोडतात, पण तिकडून त्यांना थोडेच परत मिळते. ढग असले म्हणजे ते पुष्कळ प्रारण परत पाठवितात. म्हणून ढगाळ रात्र उबदार वाटते. लंडनमधील वैद्य विल्यम चार्ल्स वेल्स यांनी दव याच कारणाने पडते हे १८१४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या निबंधात दाखवून दिले. पत्रा पहाटे हवेहूनही थंड होतो व त्याच्या आतल्या बाजूस दव धरून ते खाली टपकते. ताटी असेल, तर माणसे व वासरे या थंडीपासूनही वाचतात. उन्हाळ्यात बांधलेली ताटी हिवाळ्यात काढू नये ती यासाठी.

प्रात्यक्षिक : पौषातील निरभ्र रात्री एक तापमापक उघड्यावर कडब्याच्या पेंढीवर व दुसरे बाजेखाली तशाच पेंढीवर ठेवावे. सूर्योदयापूर्वी दोन्ही वाचावीत. उघड्यावरील तापमापक खालचा आकडा दाखवील, आणि दवही तेथेच अधिक असेल.

नांदेड जिल्ह्यात अर्धापूर, मुदखेड भागांतील केळीच्या बागांस ही गोष्ट महत्त्वाची आहे. तापमान दहा अंशांखाली गेले की केळीची वाढ खुंटते. थंडीच्या रात्री विहिरीचे पाणी हवेहून उबदार असते. ते दिल्याने जमिनीला ऊब मिळते व ओली जमीन दिवसा साठविलेली उष्णताही अधिक सावकाश सोडते. नुसत्या धुरावर भिस्त ठेवू नये. धुराचे कण फार बारीक असतात व जमिनीतून निघणारे प्रारण त्यांनी फारसे अडत नाही. लाभ होतो तो जाळाच्या उबेचा. रोपवाटिकेवर मात्र सायंकाळी गवताचे किंवा पोत्याचे आच्छादन घालावे व सकाळी काढावे.

पाठ कसा द्यावा

व्याख्येने आरंभ करू नये. प्रथम सुपाचे प्रात्यक्षिक दाखवावे, मग प्रश्न विचारावा, आणि उत्तर मुलांकडून आल्यावर नाव सांगावे. त्यानंतर पुढील प्रयोग मुलांकडूनच करून घ्यावा.

सारख्या आकाराचे दोन पत्र्याचे डबे घ्यावेत. एकास बाहेरून काजळी व दुसऱ्यास चुना लावावा. दोहोंत सारखे पाणी भरून झाकणे लावावीत व ते सकाळी दहा वाजता उन्हात ठेवावेत. दर अर्ध्या तासाने पाण्याचे तापमान फळ्यावर लिहावे. तापमापकाच्या फुग्यावर ऊन पडू देऊ नये; तसे झाल्यास तो पाण्याचे नव्हे, उन्हाचे माप देतो. ही चूक पुष्कळ ठिकाणी होते.

शेतकऱ्यांच्या सभेत याहून मोठे प्रात्यक्षिक घ्यावे. गावातील एका गोठ्याच्या अर्ध्या छपरावर चुना द्यावा व अर्धे तसेच ठेवावे. दोन्ही भागांत पत्र्याच्या आतल्या बाजूस ओल्या मातीच्या गोळ्याने तापमापक चिकटवावे. माती वाळल्यावर, म्हणजे दुसऱ्या दिवसापासून, आठवडाभर दुपारी दोन वाजता दोन्ही आकडे मुलांनी टिपावेत व ग्रामपंचायतीच्या फलकावर लिहावेत. जनावरे मोकळी सोडून ती कोणत्या अर्ध्या भागात जाऊन बसतात, याचीही नोंद ठेवावी.

हे काम चैत्र लागण्यापूर्वी पार पडावे. पुढे ऊन कडक झाल्यावर पत्र्यावर चढणे कठीण जाते, आणि ज्यांच्यासाठी हे करावयाचे ती लहान मुले, वृद्ध माणसे व बांधलेली जनावरे तोवर धगीत सापडलेली असतात. ज्या घरांत अशी माणसे आहेत, त्या घरांची यादी कार्यकर्त्यांनी माघातच करून ठेवावी व चुन्याचा पहिला हात त्या छपरांवर द्यावा.